काळ्या मठातील ख्रिस्तजन्म



डिसेंबर उजाडला की आपल्या घराघरांतून एकच लगबग सुरू होते. करंज्यांच्या सारणासाठी खोबरे किसले जाते, केकसाठी सुकामेवा भिजत पडतो, मुले गव्हाणीच्या देखाव्यासाठी गवत गोळा करतात. एखाद्या घरी नेमके याच दिवसांत कुत्र्याचे पिल्लू येते आणि लहानथोर सारे त्याच्यामागे धावू लागतात. आपण पुण्यात असा, इंदुरात असा की हैदराबादेत, चित्र फारसे वेगळे नसते. मग कोठेतरी, बहुधा मध्यरात्रीच्या उपासनेहून परतताना, मनाला टोचणी लागते. या साऱ्या तळण्या-भाजण्यात, पाहुण्यारावळ्यांत आणि मुलांच्या दंग्यात मूळ सण हरवला तर नाही ना?

या टोचणीचे उत्तर शोधताना एका थोर पुरुषाच्या संसाराकडे आपण पाहू या. मार्टिन ल्यूथर म्हटले की आपल्यासमोर ३१ ऑक्टोबर १५१७ हा दिवस उभा राहतो. पंचाण्णव प्रबंध आणि बादशहापुढे निर्भयपणे उभा राहिलेला सुधारक आपल्याला आठवतो. परंतु आज आपण त्यांच्या सभास्थानी न जाता त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊ.

भेदरलेला गायक

ल्यूथर यांचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजी आइस्लेबेन येथे झाला. वडील हान्स हे मान्सफेल्ड येथील तांब्याच्या खाणींच्या व्यवसायात होते. घरची शिस्त करडी होती. एका अक्रोडासारख्या क्षुल्लक फळासाठी आईने आपल्याला रक्त येईपर्यंत मारले, ही आठवण ल्यूथर यांनी उतारवयातही सांगितली. आईचा हेतू चांगलाच होता, हेही ते सांगत.

त्यांच्या बालपणीच्या नाताळाचीही एक आठवण उपलब्ध आहे. त्या काळी शाळकरी मुले नाताळच्या दिवसांत गावोगाव फिरून बाळ येशूच्या जन्माची गीते गात आणि लोक त्यांना खाण्याचे पदार्थ देत. एकदा ही मुले एका शेतकऱ्याच्या दारी गात असता आतून घोगरा, दणदणीत आवाज आला आणि तो मनुष्य मुलांचा शोध घेत बाहेर आला. मुलांनी जी धूम ठोकली, ती मागे वळूनही पाहिले नाही! त्या बिचाऱ्याच्या हातात मुलांना देण्यासाठी सॉसेजेस होती. अखेरीस त्याने हाका मारमारून मुलांना परत बोलावले, तेव्हा कोठे त्यांनी भीतभीत तो खाऊ घेतला.

पुढे पवित्र शास्त्र शिकवताना ल्यूथर ही गोष्ट दृष्टान्त म्हणून सांगत. देव दोन्ही हात भरून द्यायला येतो आणि आपण त्याचा आवाज ऐकूनच पळ काढतो, असा तिचा आशय. वाचकहो, हीच त्यांच्या स्वतःच्या तारुण्याचीही कहाणी होती. १५०५ मध्ये ते ऑगस्टिनियन मठात शिरले ते देवाच्या भयाने. उपास, जागरणे, पापकबुली यांत त्यांनी शरीर झिजवले. परंतु दार ठोठावणारा देव हातात दान घेऊन आला आहे, हे उमगायला त्यांना पुष्कळ वर्षे लागली.

लोण्याची किंमत

आता स्वयंपाकघरातील एक प्रकरण पाहू. ते वरवर क्षुल्लक वाटेल, पण त्याच्या तळाशी मोठा प्रश्न दडला आहे.

सॅक्सनी प्रांतात नाताळसाठी स्टोलन नावाची लांबट पावासारखी भाकर भाजण्याची जुनी चाल आहे. तिचा आकार बाळंत्यात गुंडाळलेल्या बाळ येशूची आठवण देतो, असे मानतात. परंतु नाताळपूर्वीचा आगमनकाळ हा उपवासाचा काळ असल्याने त्यात लोणी व दूध वर्ज्य होते. पीठ, यीस्ट, पाणी आणि तेल एवढ्यावरच ही भाकर होत असे. जर्मनीत जैतुनाची झाडे नाहीत. मिळेल ते तेल वापरावे लागे आणि ते बरेचदा कडवट असे. १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीतील लोकांना लोणी वापरण्याची मुभा दिली, पण तिच्यासाठी द्रव्य भरावे लागे आणि ते चर्चच्या बांधकामाकडे जाई.

१५२० मध्ये जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिलेल्या पुस्तकात ल्यूथर यांनी या लोण्याच्या परवान्यांवर सडकून टीका केली. जे तेल रोममधील लोक आपल्या जोड्यांनाही लावणार नाहीत, ते गरिबाने खावे आणि लोणी खाण्याचे स्वातंत्र्य मात्र पैसे मोजून विकत घ्यावे, हे त्यांना असह्य झाले. ख्रिस्ताने जे फुकट दिले त्याची विक्री होऊ शकत नाही, हे तत्त्व त्यांनी क्षमापत्रांविषयी मांडले होते; तेच त्यांनी लोण्याच्या गोळ्याला लावले. गरिबाच्या ताटापर्यंत जे तत्त्व पोहोचत नाही, ते चांगले तत्त्व नव्हे.

आज ड्रेस्डेन शहरात होणारे स्टोलन मात्र लोण्याने ओथंबलेले असते. आपल्या भगिनींना करून पाहायचे असल्यास प्रमाण सोपे आहे. अर्धा किलो मैद्याला पाव किलो लोणी, सव्वातीनशे ग्रॅम मनुका, शंभर ग्रॅम लिंबू-संत्र्याच्या साखरेत मुरवलेल्या साली आणि पंचाहत्तर ग्रॅम बदाम घ्यावेत. कोमट दुधात यीस्ट फुलवून, थोडी साखर व चिमूटभर मीठ घालून कणीक मळावी. ती फुगल्यावर सुकामेवा मिसळावा, पुन्हा थोडा वेळ झाकून ठेवावी. मग लांबट पोळी करून ती कडेने दुमडावी आणि मध्यम आंचेवर खरपूस भाजावी. गरम असतानाच वरून पातळ लोणी लावून पिठीसाखर भुरभुरावी. नीट गुंडाळून थंड जागी दोन-तीन आठवडे ठेवल्यास तिला खरी चव येते. ती चिरताना लोण्याची ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

मठाचे घर झाले

१५२३ च्या पुनरुत्थानदिनाच्या आदल्या रात्री निम्ब्शेन येथील मठातून काही तरुण नन निसटल्या. त्यांना बाहेर काढणारा लेओनहार्ट कोप्पे हा मठाला हेरिंग मासे पुरवणारा व्यापारी होता. त्यांतील कॅथरिना फॉन बोरा यांच्याशी १३ जून १५२५ रोजी ल्यूथर यांचा विवाह झाला. वराचे वय एक्केचाळीस, वधूचे सव्वीस. लग्नापूर्वी वर्षभर आपले अंथरूण कोणी झाडले नव्हते आणि आपण दमून तसेच त्यावर पडत असू, असे ल्यूथर यांनी पुढे सांगितले आहे. यावरून कॅथरिनाबाईंपुढे काय वाढून ठेवले होते, याची कल्पना यावी!

विटेनबर्ग येथील ज्या मठात ल्यूथर संन्यासी म्हणून राहिले, तोच त्यांचे घर बनला. मठवासीयांच्या काळ्या झग्यांवरून त्याला काळा मठ म्हणत. १५३२ मध्ये सॅक्सनीच्या राज्यकर्त्याने तो त्यांना रीतसर देऊन टाकला. जेथे एकेका कोठडीत एकेक संन्यासी मौन पाळीत असे, तेथे आता स्वतःची मुले, नात्यातील पोरकी भाचरे, पैसे देऊन राहणारे विद्यार्थी आणि देशोधडीला लागलेले पाहुणे यांचा कलकलाट सुरू झाला. एवढ्यांची पोटे भरणे सोपे नव्हते. कॅथरिनाबाई पहाटे उठत, बिअर गाळीत, भाजीपाला पिकवीत, तळ्यात मासे पाळीत. १५४० मध्ये त्यांच्यासाठी त्स्यूल्सडोर्फ येथील शेतवाडी घेण्यात आली. १५४२ च्या करनोंदीनुसार या घरी ५ गाई, ९ मोठी वासरे, एक शेळी व तिची २ करडे आणि लहानमोठी धरून १३ डुकरे होती. ल्यूथर आपल्या पत्नीला थट्टेने स्वामी म्हणत, आणि व्यवहारात ते खरेही होते.

स्वतः ल्यूथर यांची आवड साधी होती. तळलेला हेरिंग आणि वाटाणे मिळाले की ते संतुष्ट असत. मुलांसाठी मात्र ते हौशी होते. १५३० साली ते कोबुर्गच्या गढीत अडकून पडले असता त्यांनी चार वर्षांच्या हान्सला एका सुंदर बागेविषयी पत्र लिहिले. त्या बागेत प्रार्थना करणारी, अभ्यास करणारी मुले फळे वेचतात आणि लहान घोड्यांवर बसतात. पुढे त्याच्यासाठी न्यूरेम्बर्गहून आणवलेले साखरेचे मोठे पुस्तक त्या बागेतूनच आले आहे, असे त्यांनी घरी कळवले. ज्याला आई एका फळासाठी फटके देई, त्या मुलाने बाप झाल्यावर आपल्या मुलासाठी साखरेचे पुस्तक आणवावे, यातच सारे आले.

ट्योल्पेल आणि पाखरे

या घरात एक कुत्राही होता. त्याचे नाव ट्योल्पेल. म्हणजे आपल्याकडे ठोंब्या म्हणावे तसे. जेवणाच्या वेळी तो टेबलापाशी तोंड उघडून, डोळ्यांची पापणीही न हलवता धन्याच्या हातातील मांसाच्या तुकड्याकडे पाहत बसे. त्या क्षणी त्याला जगात दुसरे काही दिसत नसे. अशी एकाग्र प्रार्थना आपल्याला करता आली तर किती बरे, असे ल्यूथर यांना वाटे. लहानगा मार्टिन या कुत्र्याशी कसाही दांडगावा करी आणि तो सारे मुकाट्याने सोसी. मनुष्याला प्राण्यांवर दिलेल्या अधिकाराचे वचन हे मूल कृतीनेच शिकवीत आहे, असे बाप कौतुकाने म्हणे. नव्या पृथ्वीवर प्राणी असतील का, या प्रश्नालाही त्यांनी होकारच दिला होता. तेथील ट्योल्पेलची कातडी सोन्याची असेल, असे ते सांगत.

घरचा गडी वोल्फगांग याला पाखरे पकडण्याचा छंद होता. १५३४ मध्ये ल्यूथर यांनी पाखरांच्या वतीने त्याच्याविरुद्ध चक्क एक तक्रार-अर्ज लिहिला. मैना-चिमण्यांसारख्या निरुपद्रवी प्रवाशांना जाळ्यात धरण्याऐवजी त्याने त्यांच्यासाठी दाणे टाकावेत आणि सकाळी आठपूर्वी उठू नये, अशी त्यात मागणी होती.

पाच मुले आणि एक गीत

१५३४ हेच वर्ष संपूर्ण जर्मन पवित्र शास्त्र प्रसिद्ध झाल्याचे. भाषांतराच्या कामात असलेल्या कोणालाही ल्यूथर यांची एक सवय फार मोलाची वाटते. शब्द ग्रंथांत शोधण्याआधी ते घरात शोधीत. आई मुलांशी कशी बोलते, गल्लीतील पोरे काय म्हणतात, बाजारातील माणूस कसा बोलतो, हे ऐकावे, असा त्यांचा आग्रह होता. लेवीयाच्या पुस्तकातील बळीच्या अवयवांची नावे नीट कळावीत म्हणून त्यांनी खाटकाकडून मेंढे कापवून एकेका भागाचे नाव विचारून घेतले. म्हणूनच लूककृत शुभवर्तमानात बाळ येशूला ज्यात निजवले, त्यासाठी जर्मन शेतकऱ्याच्या गोठ्यातील रोजचाच शब्द आला. आपल्या मराठी शास्त्रातील गव्हाणी हा शब्दही तसाच. त्याला कडब्याचा वास आहे. देवाचा पुत्र कोठे आला, हे सांगण्यासाठी भाषांतरकाराला गोठ्यातच जावे लागते.

त्या वर्षी १७ डिसेंबरला, नाताळला आठवडा असताना, त्यांची धाकटी कन्या मार्गारेटा जन्मली. त्या नाताळात घरात आठ वर्षांचा हान्स, पाच वर्षांची मग्दालेना, तीन वर्षांचा मार्टिन, दोन वर्षांचा होऊ घातलेला पौल आणि पाळण्यातील तान्ही, अशी पाच मुले होती. मुलांसाठी रचलेले त्यांचे प्रसिद्ध नाताळगीत १५३५ मध्ये छापून आले. उंच स्वर्गातून वार्ता घेऊन उतरणाऱ्या देवदूताचे हे पंधरा कडव्यांचे गीत होय. त्याला प्रथम लोकगीताची चाल लावली होती. तरुण मुलेमुली फेर धरून कोडी घालताना ती चाल गात. आधी देवदूत सांगतो, मग घरातील मंडळी गव्हाणीपाशी जाऊन उत्तर देतात, अशी त्याची रचना आहे. थोर संगीतकार बाख यांनी १७३४ च्या आपल्या नाताळ-संगीतात त्याची चाल घेतली.

ल्यूथर यांनी घरात मेणबत्त्यांनी सजवलेले पहिले नाताळचे झाड उभारले, ही कथा आपण ऐकली असेल. ते चित्र एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांनी लोकप्रिय केले. समकालीन पुरावा तिला नाही. त्यांच्या घरच्या नाताळाला झाडाची गरजही नव्हती. तेथे गीत होते, आणि बाळंत्यांचा ढीग होता. लग्नापूर्वी, १५२२ मध्येच, त्यांनी लिहून ठेवले होते की बाप विश्वासाने बाळाची मळकी बाळंती धुतो तेव्हा लोक हसतील, पण देव आणि देवदूत आनंदाने हसतात. गव्हाणीतील बाळालाही बाळंती लागली होती, याचा त्यांना कधी विसर पडला नाही.

१५४२ चा नाताळ

वाचकहो, येथवर सारे गोड वाटले असेल. पण काळ्या मठाने मृत्यूही पाहिला. १५२७ मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा विद्यापीठ हलवले गेले, ल्यूथर मात्र राहिले. घराचे रुग्णालय झाले. त्यातच १० डिसेंबरला एलिझाबेथ जन्मली. आठ महिन्यांतच ती गेली. मग आलेली मग्दालेना आईबापांचा जीव की प्राण होती. १५४२ च्या सप्टेंबरात तेरा वर्षांची ही मुलगी अंथरुणाला खिळली. तोर्गाउ येथे शिकणाऱ्या हान्सला तिच्या इच्छेवरून बोलावून घेतले. २० सप्टेंबरला तिने बापाच्या बाहूंत प्राण सोडला. आत्म्याने मी आनंदित आहे, पण देहाने फार दुःखी आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. ती सुखरूप आहे हे ठाऊक असूनही इतके दुःख का व्हावे, याचेच त्यांना नवल वाटे.

हान्स शाळेत परतला, पण त्याचे मन लागेना. बरे वाटेनासे झाले तर घरी ये, असे आई म्हणाली होती. त्या शब्दांच्या आधाराने तो घरी येण्यासाठी रडू लागला. नाताळच्या दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी, २६ आणि २७ डिसेंबरला, ल्यूथर यांनी त्याच्या गुरुजींना व त्याला पत्रे लिहिली. आसवे पुरुषासारखी आवर, आईच्या दुःखात भर घालू नकोस, खरोखर आजारी पडलास तरच कळव, असा त्यांचा आशय होता. आईला स्वतः पत्र लिहिणे जमले नाही, पण तिचेही तेच म्हणणे आहे, असे त्यांनी कळवले. काहींना हे बोल कठोर वाटतील. पण ते लिहिणारा हात तीन महिन्यांपूर्वी मुलीला निरोप देऊन आला होता, हे ध्यानात घ्यावे. घर सांभाळणे म्हणजे कधी हाक मारणे, तर कधी हुंदका गिळून दूर ठेवणेही असते.

आणखी एक गोष्ट लपवणे योग्य नव्हे. याच हिवाळ्यात त्यांनी यहुदी लोकांविरुद्ध एक अत्यंत कटू आणि अन्यायी ग्रंथ लिहिला. तो १५४३ च्या आरंभी छापला गेला. येशू जन्माने यहुदी होता, याची आठवण १५२३ मध्ये त्यांनीच ख्रिस्ती जगाला दिली होती! त्या लिखाणाचे पुढे फार भयंकर पडसाद उमटले, आणि १९८४ मध्ये लूथरन जागतिक महासंघाने ते नाकारले. गव्हाणीपाशी गुडघे टेकणाऱ्या माणसाचे अंतःकरणही एखाद्या कोपऱ्यात बंद राहू शकते, हा धडा आपल्यासाठीही आहे.

शेवटची पत्रे

१५४५ चा नाताळ हा ल्यूथर यांचा शेवटचा. जानेवारी १५४६ मध्ये सरदारांचा तंटा मिटवण्यासाठी ते आइस्लेबेनला गेले. प्रकृती ढासळलेली, थंडी कडक. कॅथरिनाबाईंना चिंतेने झोप येईना. फेब्रुवारीत पतीने त्यांना विनोदाने भरलेली पत्रे लिहिली. तुझ्याहून आणि सर्व देवदूतांहून चांगला असा एकजण माझी काळजी वाहत आहे. तो गव्हाणीत निजतो, आईच्या अंगावर पितो आणि तरीही सर्वसमर्थ देवाच्या उजवीकडे बसलेला आहे, असे त्यांनी एका पत्रात कळवले. १८ फेब्रुवारीला, ज्या गावी जन्मले त्याच गावी, ते प्रभूमध्ये निजले.

कॅथरिनाबाईंच्या वाट्याला पुढे युद्ध आले, शेतवाडी उद्ध्वस्त झाली, कर्ज झाले. १५५२ मध्ये प्लेगमुळे मुलांसह तोर्गाउला जात असता गाडीच्या अपघातात त्या जखमी झाल्या आणि नाताळला पाच दिवस उरले असता, २० डिसेंबरला, निवर्तल्या. तोर्गाउच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांची कबर आहे.

तेव्हा, वाचकहो, यंदा करंज्या तळताना, पाहुण्यांची अंथरुणे घालताना किंवा पिल्लाने सांडलेले दूध पुसताना ती टोचणी पुन्हा लागली, तर हे घर आठवावे. ल्यूथर यांनी देवाला मठाच्या एकांतात पुष्कळ शोधले; परंतु तो देणारा आहे, हे शिकल्यावर त्याला ओळखायला त्यांना घर पुरे झाले. कदाचित आपल्या घरी यंदा एक खुर्ची रिकामी असेल, किंवा एखादे लेकरू दूरगावच्या वसतिगृहात डोळे पुशीत असेल. त्याला पत्र लिहावे. त्याच्या वाट्याचा फराळ डब्यात भरून पाठवावा. आणि नाताळच्या सकाळी कोणी गाणारी मुले दारी आली, तर आवाज जरा मऊ ठेवून, हात भरून बाहेर यावे.